भिंतीने फेडलेलं कर्ज

ईद जवळ आली की आमच्या घरी चुना भिजायचा. पिंपातली चुनकळी पाण्याने खदखदू लागली की अम्मी आम्हा मुलांना दूर पिटाळायची. मग त्यात नीळ घालून अब्बा कुंचल्याने भिंती पांढऱ्याशुभ्र करीत. वाळताना त्या भिंती हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत असतात, हे मला फार उशिरा कळलं.

हा वायू आता घरोघरी यंत्राने पकडावा, असं काहीजण म्हणतात. पण या विद्येची मुळं चुन्यातच आहेत. स्कॉटलंडमधले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये दाखवून दिलं की, चुनखडी भाजली की तिच्यातून एक वायू निघून जातो आणि तोच परत मिळाला की चुन्याची पुन्हा खडी होते. आपल्या उच्छ्वासातही तोच वायू असल्याचं त्यांनी पुढे ओळखलं. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालतो आणि ती दुधाळ होते, ते याच वायूमुळे.

हा वायू पकडण्यावर माणसांचे प्राणही अवलंबून राहिले आहेत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ चे तीन अंतराळवीर बिघाडामुळे चांद्रयानात अडकले. त्यांच्याच श्वासातला वायू साचू लागला. तो शोषणारे जादा डबे होते चौकोनी आणि बसवायची जागा गोल! प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, चिकटपट्टी यांनी ते जोडले, तेव्हा जीव वाचला. डब्यांत लिथियम हायड्रॉक्साइड होतं. काम मात्र चुन्याचंच.

मग घरात चुन्याचा डबा ठेवला की झालं? जरा हिशेब मांडू. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुनकळी उरते, ४४ किलो वायू आभाळात जातो. भिंत फार तर तेवढाच परत घेते. म्हणजे मुद्दल फिटलं. पण भट्टीत जळलेल्या कोळशाच्या धुराचं व्याज शिल्लकच! शिवाय माणूस दिवसाला साधारण एक किलो वायू श्वासावाटे सोडतो. तेवढा टिपायला रोज पावणेदोन किलो विरलेला चुना लागेल. आणि श्वास काही गुन्हेगार नव्हे. तो वायू पिकांनी हवेतूनच घेतलेला असतो. गुन्हा आहे तो कोळसा, पेट्रोल जाळण्याचा.

म्हणून असं यंत्र दारात आलं, तर त्याला एवढंच विचारा : बाबा रे, तू घडताना आणि चालताना किती धूर होतो? उत्तर मिळेपर्यंत घरातला एक दिवा कमी जाळावा, हे बरं.