कुडाची भिंत

दिवाळीत आमच्या रिठदला पणत्यांच्या ओळी लागतात. पण ज्यांचे शेत रानाच्या कडेला आहे, ते त्याही रात्री विजेरी घेऊन जागलीला जातात. सण आपल्याला; रोही आणि रानडुकरांना कुठला?

अशाच एका दिवाळीच्या तोंडावर वर्गातल्या मुलाने विचारले, “सर, मोबाइलची बॅटरी फुगते कशाने?” मी म्हणालो, “आत द्रव असतो. तो बिघडला की वायू होतो. आणि तो द्रव पेटतोही.” पोरगा चटकन म्हणाला, “मग द्रव काढूनच टाका ना!”

वाचकहो, त्या एका वाक्यात पन्नास वर्षांचा इतिहास आहे!

लिथियम हा सर्वांत हलका धातू. बॅटरीत तो नुसताच वापरला, तर आजच्या ग्रॅफाइटच्या सुमारे दसपट वीजभार त्याच वजनात साठतो. पण भरताना त्याला सुईसारखे कोंब फुटतात. ते द्रवातून पलीकडच्या टोकाला भिडले, की आग! 1989 साली जपानमध्ये अशा बॅटऱ्यांचे फोन पेटले. 1991 साली सोनीने लिथियमला कार्बनच्या थरांत बसवून सुरक्षित वाट काढली. पण द्रव राहिलाच.

दुसरी वाट आधीच सापडली होती. 1973 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड या बहुवारिकात क्षार मुरवले. 1978 साली फ्रान्सच्या मिशेल आर्माँ यांनी सुचवले, की द्रवाच्या जागी हाच घन पडदा घालावा. त्याच्या लांब साखळ्या हलतात आणि लिथियमचे कण हातोहात पुढे सरकतात.

अडचण एकच. थंडीत तूप थिजते, तशा या साखळ्याही थिजतात. साठ अंशांच्या वर तापल्यावर कुठे त्या मोकळ्या होतात. 2011 साली पॅरिसमध्ये अशा बॅटरीच्या भाड्याच्या मोटारी धावू लागल्या. पण उभ्या असतानाही बॅटरी गरम ठेवावी लागे. 2018 साली ती सेवा बंद झाली. 2022 च्या एप्रिलमध्ये त्याच जातीच्या बॅटरीच्या दोन बसगाड्या तिथे पेटल्या. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. ‘घन म्हणजे निर्धोक’ एवढे सोपे नाही, हा धडा मात्र मिळाला.

पडदा मऊ केला तर कण धावतात, पण कोंबही घुसतात. कठीण केला तर कोंब अडतात, पण कणही अडखळतात. 1998 साली रोमच्या ब्रूनो स्क्रोसाती यांच्या मंडळींनी त्यात चिनीमातीच्या जातीची अतिसूक्ष्म भुकटी मिसळली; साखळ्या थिजेनाशा झाल्या आणि वहन वाढले. पुढे एकाच साखळीचा एक भाग ताठ व एक मऊ, अशीही रचना करून पाहिली गेली.

मला आमच्या जुन्या घराचा कूड आठवला. तुराट्यांनी ताठपणा द्यायचा, मातीने फटी भरायच्या. एकट्या तुराटीची भिंत होत नाही, एकट्या मातीचीही नाही.

“द्रव काढला, बाळ,” मी त्या मुलाला सांगितले, “पण भिंत अजून लिंपायची आहे. ते काम तुझ्यासाठीही शिल्लक आहे.”