अमेरिकेचे नागरिकत्व : लांबलेली रांग आणि जन्माचा प्रश्न

परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीची चौकशी करायला येणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : "तिकडे गेल्यावर नागरिकत्व किती वर्षांत मिळते?" याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. कायद्यात पाच वर्षे लिहिली आहेत, पण अमेरिकेत जाऊन पंधरा-वीस वर्षे झालेली आणि अजून अर्ज करण्याच्या टप्प्यालाही न पोहोचलेली भारतीय माणसे आहेत. ही रांग कशी तयार झाली, आज ती कशी चालते आणि रांगेत असताना आपल्या कार्यकर्त्यांनी काय सांभाळावे, याची माहिती एकत्र देण्याचा हा प्रयत्न आहे.

नॅचरलायझेशन म्हणजे काय?

जन्माने नागरिक नसलेल्या माणसाला कायद्याने नागरिक करून घेणे, याला नॅचरलायझेशन म्हणतात. जन्माने जे मिळाले नाही ते कायद्याने मिळू शकते, हे तत्त्व आपल्याला जवळचे वाटणारे आहे. पण अमेरिकेचा इतिहास पाहिला, तर या कायद्याच्या दारातही जन्मच पहारा देत उभा होता असे दिसते.

१७९० च्या पहिल्या नॅचरलायझेशन कायद्याने ही संधी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना दिली. तेव्हा वास्तव्याची अट दोन वर्षांची होती. १७९५ मध्ये ती पाच वर्षे झाली, १७९८ मध्ये चौदा वर्षांपर्यंत गेली आणि १८०२ मध्ये पुन्हा पाचवर आली. आजची पाच वर्षांची अट तेव्हापासूनची आहे. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना हा मार्ग खुला झाला. आशियाई लोक मात्र बाहेरच राहिले. १८८२ च्या कायद्याने चिनी लोकांना नागरिक करून घेण्यावर स्पष्ट बंदीच घातली. ज्या मूळनिवासी जमातींची ती भूमी होती, त्या सर्वांना नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडले.

जातीच्या जोरावर दार ठोठावले तेव्हा

या पार्श्वभूमीवर भारतीयांनी काय केले? काहींनी आपण 'गोरे' आहोत असा दावा न्यायालयात केला. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचा असा दावा १९१० मध्ये न्यायालयात टिकला. पुढचा मोठा खटला भगतसिंग थिंड यांचा.

थिंड १९१३ मध्ये पंजाबातून अमेरिकेत आले. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी तेथील परिसंवादात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीचा गाभा जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात आहे, ही त्यातील मुख्य मांडणी.

थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले आणि काही दिवसांतच ते काढूनही घेतले गेले. १९२० मध्ये ओरेगॉनमध्ये ते पुन्हा मिळाले, पण सरकारने आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे थिंड यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद आपण नीट समजून घेतला पाहिजे. थिंड हे उच्च जातीचे आर्य आहेत, उच्च जाती भारतातील मूळ रहिवाशांशी लग्नसंबंध करत नाहीत, गोरा अमेरिकन निग्रोशी लग्न करणे जसे टाळतो तसेच हे आहे, म्हणून त्यांचे रक्त शुद्ध आहे, असा त्याचा आशय होता. ज्या विवाहबंदीत बाबासाहेबांनी जातीचे मूळ दाखवले, तीच विवाहबंदी सात वर्षांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पात्रतेचा पुरावा म्हणून पुढे केली गेली.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने हा दावा फेटाळला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय गोरे नाहीत, असा निकाल लागला. थिंड यांनी भेदभावाच्या कायद्याला आव्हान न देता त्याच्या वरच्या पायरीवर जागा मागितली आणि त्या कायद्याने त्यांना खालीच ठेवले. सहानुभूती ठेवूनही ही चूक नोंदवली पाहिजे. थिंड स्वातंत्र्यवादी गदर चळवळीशी जोडलेले होते. तरीही जातीचा आधार त्यांना गैर वाटला नाही.

या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई १९२१ मध्ये नागरिक झाले होते. तेही गेले. घर आणि व्यवसाय यांवरचा हक्क गेला, प्रवासासाठी अमेरिकी पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. थिंड यांना १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, तेही महायुद्धातील सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्यामुळे.

भारतीयांसाठी दार उघडले ते १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने. तरी भारतातून येणाऱ्यांचा वार्षिक कोटा साधारण शंभराचाच होता. वंशाची अट सर्वांसाठी काढली गेली ती १९५२ मध्ये, आणि देशनिहाय जुनी कोटा पद्धत संपली १९६५ मध्ये. नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणाचा या शेवटच्या बदलात मोठा वाटा होता. आज तिथे सुखाने राहणाऱ्या भारतीयांनी कृष्णवर्णीयांच्या या लढ्याचे ऋण विसरू नये.

आजची रांग : ग्रीन कार्डाच्या आधीची वर्षे

नागरिकत्वाची पाच वर्षे मोजली जातात ती ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाल्यापासून. विद्यार्थी व्हिसावरची किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची वर्षे त्यात धरत नाहीत.

नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची वार्षिक मर्यादा साधारण १,४०,००० आहे. यात पती, पत्नी आणि मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. देश लहान असो वा मोठा, टक्केवारी तीच. हा देश ठरतो जन्मस्थानावरून. पुण्यात जन्मलेल्या माणसाने पुढे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तरी तो सहसा भारताच्याच रांगेत राहतो. त्यामुळे एकाच कार्यालयात, एकाच कामावर असलेल्या दोघांपैकी एकाला तुलनेने लवकर कार्ड मिळते आणि दुसऱ्याला दहा-बारा वर्षांतही मिळत नाही. वंशाची अट गेली, पण जन्माची छाया अजून रांगेवर आहे.

या काळात नोकरी गेली तर देशात राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. म्हणून माणसे अन्याय सहन करतात आणि तक्रार टाळतात. आई-वडिलांबरोबर लहानपणी गेलेली मुले २१ वर्षांची झाली की पालकांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. २००२ च्या एका कायद्याने काहींना दिलासा दिला, सर्वांना नाही.

अर्जापासून शपथेपर्यंत

ग्रीन कार्डानंतर पाच वर्षे, किंवा अमेरिकी नागरिकाशी विवाह होऊन एकत्र राहत असल्यास तीन वर्षे, पूर्ण झाली की एन-४०० हा अर्ज करता येतो. मुदत संपण्याच्या ९० दिवस आधीही तो स्वीकारतात. पाच वर्षांपैकी किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असावे लागते. एप्रिल २०२४ पासूनच्या दराप्रमाणे शुल्क ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असल्यास ३८० डॉलर.

नंतर बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, मुलाखत, इंग्रजी वाचन-लेखन आणि नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा होते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातून २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. नापास झाल्यास ६० ते ९० दिवसांत आणखी एक संधी असते. वयाची ५० आणि ग्रीन कार्डाची २० वर्षे, किंवा वयाची ५५ आणि कार्डाची १५ वर्षे झालेल्यांना इंग्रजीची अट नाही. त्यांना नागरिकशास्त्राची परीक्षा मराठीत, दुभाष्यामार्फत देता येते. मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना हे अनेकदा माहीतच नसते.

मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास अर्जदार केंद्रीय जिल्हा न्यायालयात दाद मागू शकतो. मुलाखतीच्याही आधी अडकलेल्या अर्जाला मात्र हे कलम लागू होत नाही. सगळे पार पडले तरी शपथ घेईपर्यंत माणूस नागरिक नसतो. २०२३ या आर्थिक वर्षात सुमारे ८,७८,५०० लोक नागरिक झाले. त्यांत सुमारे ५९,१०० भारतात जन्मलेले होते आणि मेक्सिकोनंतर भारताचा क्रमांक दुसरा होता. त्या वर्षी नागरिक झालेल्यांचा ग्रीन कार्डावरचा मध्यम काळ सात वर्षांचा होता.

कार्यकर्त्यांनी काय सांभाळावे?

१. आंदोलनातील अटक. अर्जात जगात कुठेही, कधीही झालेली अटक किंवा ताब्यात घेणे याविषयी विचारतात. मोर्च्यात पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवले, गुन्हा नोंदवला आणि पुढे खटला मागे घेतला, तरी ते सांगावे लागते. शांततेच्या आंदोलनातील अटकेमुळे अर्ज आपोआप नामंजूर होत नाही, पण माहिती लपवल्याने होऊ शकतो. म्हणून एफआयआर, न्यायालयाचा आदेश आणि त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आजच जपून ठेवा.

२. संघटनांचे सदस्यत्व. कम्युनिस्ट पक्षाचे अर्जाआधीच्या दहा वर्षांतील सदस्यत्व ही अपवाद वगळता अडचण ठरते. अशा वेळी जाणकार वकिलाशी आधी बोलावे.

३. मतदान. नागरिक होण्यापूर्वी मतदार यादीत नाव नोंदवू नये, मत देऊ नये. चुकून झाले तरी परिणाम गंभीर असतात.

४. भारतातील मुक्काम. आई-वडिलांच्या आजारपणात मुले येऊन राहतात. सलग सहा महिन्यांहून जास्त राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरतात, पण पुरावे देऊन ते खोडता येते. एक वर्ष वा जास्त झाल्यास ते खंडित होतेच.

५. पत्ता. घर बदलल्यास दहा दिवसांत कळवावे. मुलाखतीचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले तर वर्षांची वाट पाहणे वाया जाऊ शकते.

६. शपथ. शपथेच्या शेवटी देवाचे नाव आहे. ईश्वर न मानणाऱ्या बौद्धांना ते शब्द वगळून गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. त्यासाठी पुरावा मागत नाहीत. देशासाठी शस्त्र उचलण्याचे वचनही धार्मिक शिकवण किंवा तितक्याच खोल नैतिक श्रद्धेमुळे वगळता येते. ती श्रद्धा प्रामाणिक असल्याचे मात्र दाखवावे लागते.

काय मिळते, काय सुटते

नागरिक झाल्यावर मतदान, ज्युरीत बसणे, बहुतेक पदांसाठी निवडणूक लढवणे हे हक्क मिळतात. १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्येच अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. राष्ट्राध्यक्षपद मात्र जन्माने नागरिक असलेल्यांसाठीच आहे.

दुसरीकडे, भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्ड घेता येते, पण ते दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि सरकारी नोकरीतील समान संधीचा संविधानाच्या कलम १६ चा हक्कही राहत नाही. आरक्षणाच्या आधाराने शिकून गेलेल्या घराने हा हिशोब डोळे उघडे ठेवून करावा. नागरिकत्व बदलणे ही गद्दारी नाही. पण आपण काय सोडत आहोत हे माहीत असले पाहिजे.

रांगेत असतानाही

मत नाही म्हणून आवाज नाही, असे समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदाला बंदी घातली. अमेरिकेतील असे ते पहिले शहर. तिथल्या नगर परिषदेपुढे म्हणणे मांडायला नागरिकत्वाची अट नव्हती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात असेच विधेयक विधिमंडळाने मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. गव्हर्नर मतांनी निवडून येतो. बोलणे आज शक्य आहे आणि मत उद्या मिळणार आहे, म्हणून दोन्हींची तयारी आतापासून हवी.

तिथे गेलेल्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : कागद जपा, तारखा लिहून ठेवा, खोटे लिहू नका, एकटे पडू नका. आणि नागरिकत्व मिळाल्यावर मागे उभ्या असलेल्यांकडे पाठ फिरवू नका. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशाच्या एका माणसाने जातीचा दाखला दाखवून रांगेत पुढे जाण्याचा प्रयत्न केला होता. आपण रांगेत उभे राहू ते माणूस म्हणून, आणि आपल्या मागच्यालाही त्याच हक्काने पुढे घेऊ.