सिल्लोड तालुक्याच्या संदर्भात शालेय बालकांतील गलगंड व आयोडीनयुक्त मिठाचे धोरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचा सिल्लोड तालुका समुद्रापासून दूर आहे. येथे मीठ पिकत नाही. ते नेहमीच बाहेरून आले. रेल्वे व मोटारी येण्यापूर्वी लमाणांचे बैलतांडे किनाऱ्यावरील मीठ दख्खनच्या पठारावर आणीत. त्यामुळे येथील बालकांच्या आहारातील आयोडीनचा प्रश्न दवाखान्याइतकाच बाजाराचा व कायद्याचाही आहे.

कारणमीमांसा :
पाऊस व धूप यांमुळे जमिनीतील आयोडीन वाहून गेले की ते पिकांत पुरेसे उतरत नाही. साध्या समुद्री मिठातही ते नगण्य असते. ही कमतरता राहिल्यास गळ्यातील अवटू ग्रंथी वाढते. यालाच गलगंड म्हणतात. याहून मोठी हानी मात्र डोळ्यांना दिसत नाही. गर्भावस्थेत व बालपणी आयोडीन न मिळाल्यास बुद्धीची वाढ खुंटते. म्हणूनच सर्वेक्षणात 6 ते 12 वर्षांची मुले तपासली जातात आणि 5 टक्क्यांहून अधिक मुलांत गलगंड आढळल्यास तो भाग गलगंडग्रस्त मानला जातो.

धोरणाची वाटचाल :
1956 पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी प्रयोग केला. आयोडीनयुक्त मीठ दिलेल्या भागांत गलगंड घटला, साधे मीठ दिलेल्या भागात घटला नाही. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. परंतु त्याचा भर हिमालयीन पट्ट्यावर होता. पुढील सर्वेक्षणांत महाराष्ट्रासह अन्य राज्यांतही ही समस्या दिसून आली आणि 1980 च्या दशकात सर्व खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण स्वीकारले गेले. 1998 मध्ये साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, 2000 मध्ये ती उठली व 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, तथापि सहा महिने तो कायम ठेवला. त्याच वर्षी अन्नसुरक्षा विनियमांत ही तरतूद पुन्हा आली.

निष्कर्ष :
ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या मिठात दर ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन अपेक्षित असते. म्हणजे दहा ग्रॅम मिठातून प्रौढाची 150 मायक्रोग्रॅमची दैनंदिन गरज भागते. उघडे वा ओलसर राहिलेल्या मिठात हे प्रमाण घटते. मीठ निवडण्याच्या स्वातंत्र्यावर न्यायालयात वाद झाला. परंतु घरात कोणते मीठ यावे हे बालक ठरवीत नाही, त्याचा परिणाम मात्र तेच आयुष्यभर भोगते. म्हणून आठवडी बाजारातील मिठाची नियमित तपासणी हा शिक्षणाचाही प्रश्न ठरतो.