हिंगुळाची हिरडी

जुनी रबराची कवळी गडद तांबूस दिसते. कच्च्या रबरात गंधक घालून ते तापवले की कडक होते. त्याला व्हल्कनाइट म्हणत. त्याचा मूळ रंग काळपट तपकिरी. हिरडी म्हणून ते खपवायचे तर त्यात हिंगूळ मिसळावा लागे, आणि हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसे पाऱ्याचे संयुग टाळूला लावून जेवत होती, असा याचा अर्थ.

या कवळीवरून मोठी भांडणे झाली, पण ती पैशाची. 1864 साली अमेरिकेत जॉन कमिंग्ज यांना तिचे पेटंट मिळाले. पुढे गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल करू लागली. 1879 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅल्फंट या दंतवैद्याने कंपनीचे जोसाया बेकन यांना गोळी घालून ठार केले. दंतवैद्यकाच्या इतिहासात हा खून चवीने सांगतात. मला त्या काळातला दुसरा, कमी रंगतदार वाद महत्त्वाचा वाटतो: कवळीखालचा टाळू लाल होऊन जळजळतो, तो हिंगुळामुळे का? शंका रास्त होती. पण हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आणि रात्रंदिवस न काढलेल्या, अस्वच्छ कवळीखालीही टाळू लालच होतो. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळणे शक्य नव्हते.

1937 च्या सुमारास अॅक्रिलिक आले आणि रबर मागे पडले. पूड आणि द्रव कालवून साच्यात भरायचे, तापवायचे. द्रवातले सुटे रेणू, म्हणजे मोनोमर, एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होतात. सगळे मात्र जोडले जात नाहीत. उरलेले हळूहळू लाळेत उतरतात.

मग दोष अॅक्रिलिकचाच म्हणायचा का? दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छताचे अॅक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, तरी डोळ्याने ते सोसले, हे लंडनचे नेत्रवैद्य हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिले. 29 नोव्हेंबर 1949 रोजी त्यांनी त्याच प्लॅस्टिकचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवले. नीट घट्ट झालेले अॅक्रिलिक जिवंत ऊतींना फारसे खुपत नाही. खुपते ते त्यातले न जुळलेले.

हे मोजता आले ते काचेच्या भांड्यात वाढणाऱ्या पेशींमुळे. अमेरिकेत विल्टन अर्ल यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या ऊतीपासून पेशींचा एक वंश वाढवला गेला. त्यातल्या एकाच पेशीपासून 1948 साली एल-929 ही शाखा निघाली. कवळीचा तुकडा द्रवात भिजवायचा, तो द्रव या पेशींवर घालायचा आणि किती तगतात ते पाहायचे. हिंगुळाच्या वादात नेमकी हीच सोय नव्हती.

आज आंतरराष्ट्रीय मानक उष्णतेने पक्क्या केलेल्या कवळीत 2.2 टक्के उरलेला मोनोमर चालवून घेते, आपोआप घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिकमध्ये 4.5 टक्के. तुटलेली कवळी तासाभरात जोडून मिळते ती बहुधा या दुसऱ्या प्रकाराने. अशी कवळी तोंडात घालण्याआधी दिवसभर पाण्यात ठेवली तर बराच मोनोमर निघून जातो. घरोघरी वाटीत ठेवतात ती कवळी वाळून वाकडी होऊ नये म्हणून, पण हे कामही त्यात आपसूक होते. कवळी बनवणाऱ्या कारागिराला ही वाटी उपयोगाची नाही. तो द्रव त्याच्या बोटांना रोज लागतो, पातळ हातमोज्यांतूनही झिरपतो, आणि कवळीच्या लॅबमध्ये बोटांची कातडी फुटणे, खाज सुटणे हा ओळखीचा आजार आहे.