स्फटिकाचे कान

गिटार हे मूळचे मंद आवाजाचे वाद्य. चार माणसे जवळ बसली असता त्याचा गोडवा पुरेपूर पोहोचतो. पण तुताऱ्या नि पडघमांच्या ताफ्यात ते बुडून जाते. समोर ध्वनिक्षेपक ठेवावा, तर वादकाला जागचे हलता येत नाही, आणि आवाज वाढविताच ध्वनिवर्धक शिट्ट्या घालू लागतो. १९३० नंतरच्या दशकात चुंबकी पिकअप आला. पण त्याला ऐकू येते ते पोलादी तारेचे. नायलॉनच्या तारेपुढे तो ठार बहिरा!

ह्या अडचणीवरील उपायाचे बीज मात्र १८८० सालीच रुजले होते. त्या वर्षी पॅरिसमध्ये झाक व प्येर क्यूरी ह्या बंधूंनी दाखवून दिले की, क्वॉर्ट्‌झ, तोरमल्ली, रोशेल लवण इत्यादींचे स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार प्रकट होतो. हीच दाबविद्युत्. रेडियमच्या शोधामुळे जगाला ठाऊक झालेले प्येर ते हेच. तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस होते. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वॉर्ट्‌झ राबविले. रोशेल लवण ग्रामोफोनच्या पिकअपात शिरले, पण दमट हवेत ते बिघडे. पुढे टिकाऊ सिरॅमिक द्रव्ये आली.

गिटारीसाठी ही युक्ती रूढ झाली ती एका अनपेक्षित दारातून. अमेरिकेतील कनेटिकटचे चार्ल्स कामन हे हेलिकॉप्टरांचे कारखानदार, आणि स्वतः गिटारवादक. १९६६ च्या सुमारास त्यांनी काचतंतूच्या गोल पाठीची ओव्हेशन गिटार काढली. कंपनांशी झुंजण्यात मुरलेल्या त्यांच्या अभियंत्यांनी पुढे घोडीतच, प्रत्येक तारेखाली एक, असे सहा स्फटिक बसविले. तार थरथरली की स्फटिकावर दाब पडतो आणि तोच वीज होऊन बाहेर येतो. तार कशाची आहे, हा प्रश्नच उरत नाही.

एक गोम होती. स्फटिकाचा प्रवाह इतका क्षीण की, तो सरळ साध्या विवर्धकास जोडला तर खर्जाचे स्वर गळून पडतात. म्हणून गिटारीच्या पोटातच नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा पूर्वविवर्धक आला.

मात्र स्फटिक ऐकतो तो घोडीवरील दाब. लाकडी पोटातून घुमून हवेत मिसळणारा नाद त्याच्या वाट्याला फारसा येत नाही. जोराने छेडले की बदकासारखा कर्कश स्वर निघतो, ही वादकांची तक्रार मला रास्त वाटते. कित्येकजण आता स्फटिकाच्या जोडीला गिटारीच्या पोटात इवलासा ध्वनिक्षेपकही बसवितात.