दिवाळी आणि दिवाळे

लक्ष्मीपूजनाला मुंबईच्या शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात. आमच्या आकुर्डीतील कामगारांची मुलेही हल्ली ते भाव मोबाईलवर पाहतात. त्यांना ही जुनी हकीकत ठाऊक असावी.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना; आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. प्रेमचंद रायचंद ह्या दलालाच्या शब्दावर बँका कर्जे देऊ लागल्या, नित्य नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅकबेचा समुद्र बुजविण्यासाठी निघालेल्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. जमीन मात्र अजून पाण्याखालीच होती!

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला. ती वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, तेव्हा मागणारे पुष्कळ, देणारा विरळा. प्रेमचंद बुडाले; १८६८ साली बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळली गेली. पुढे १८७५ साली दलालांनी आपला संघ स्थापिला. आशियातला सर्वांत जुना शेअरबाजार तो हाच.

शेअर म्हणजे कुणाच्या तरी श्रमातला वाटा. तेव्हा श्रम सुरू होण्याआधीच भाव गगनाला भिडला. उलट २००७ साली आकुर्डीत बजाज ऑटोचे वाहन-उत्पादन थांबले, हात रिकामे झाले. काम इतरत्र चालू राहिले आणि शेअरचे सौदेही. भावाला घामाचा पत्ता ठाऊक नसतो. तो ज्याचा त्यानेच विचारावा, आणि मगच पैसा घालावा.