तुमच्या नावाने येणारा ऑफरचा मेसेज कोण लिहितं?

ऑनलाइन कार्टमध्ये बूट टाकले, पण घेतले नाहीत; थोड्याच वेळात तुमच्या नावासह आठवण करून देणारा ईमेल हजर! तो कुणी बसून लिहीत नाही. कंपन्या ग्राहकांची यादी शहर, आधीची खरेदी, ईमेल उघडण्याची सवय अशा निकषांवर गटांत विभागतात. याला 'सेगमेंटेशन' म्हणतात. तयार मजकुरातली नावाची रिकामी जागा सॉफ्टवेअर भरतं आणि कार्ट सोडलं किंवा वाढदिवस आला, की मेसेज आपोआप जातो. मेलचिंप ही अशीच सेवा; 'इंट्युइट'ने २०२१ मध्ये ती सुमारे १२ अब्ज डॉलरना घेतली.

या सगळ्याचं इंधन म्हणजे तुमची माहिती. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती देण्याइतकंच ती मागे घेणंही सोपं हवं. ईमेल नको असेल तर तळाशी 'अनसबस्क्राइब' शोधा. जाहिरातींचे एसएमएस थांबवायला १९०९ वर डीएनडी नोंदणी करता येते.